फार्माकॉलॉजीत पीएचडी करून कोल्हापुरातच राहता येतं का?

शिवाजी_पेठकर (धागाकर्ता)

मंडळी, धागा माझ्यासाठी नाही, धाकट्या बहिणीसाठी आहे. तिचं एम.फार्म. फार्माकॉलॉजीत झालं. जीपॅट (एम.फार्म.ची प्रवेश परीक्षा) निघाली होती, त्यामुळे दोन वर्षं दरमहा १२,४०० रुपये येत होते आणि घरी कुणी काही विचारलं नाही. आता तिला पीएचडी करायची आहे आणि आता मात्र सगळेच विचारतात. बाबा म्हणतात, बी.फार्म.चं रजिस्ट्रेशन आहेच, गाळा बघू, मेडिकल टाक. आई काय म्हणते ते सांगायची गरज नाही. पुण्याचा मामा म्हणतो कंपनी धर. ती म्हणते मला शिकवायचंय, संशोधन करायचंय, आणि शक्यतो कोल्हापूर सोडायचं नाही.

मी सिव्हिलचा माणूस. फार्माकॉलॉजीवाला दिवसभर नेमकं काय करतो हेच मला धड सांगता येत नाही, तर बाबांना काय समजावणार? या क्षेत्रातल्यांनी मोकळेपणाने लिहा. पगार, वेळ, कटकटी, सगळं.

'मनाचा आवाज ऐका' छापाचे प्रतिसाद नकोत. ती तो ऐकतच आहे, अडचण तीच आहे.

गल्ला_क्रमांक_१

मेडिकलवाला म्हणून आधी बाबांच्या मुद्द्याचं बोलतो. शेड्यूल्ड (म्हंजे सरकारने किंमत बांधलेल्या) औषधांवर आम्हाला १६ टक्के मार्जिन. त्यातनं गाळ्याचं भाडं, फ्रीजचं लाइट बिल, पोऱ्याचा पगार, आणि वर गिऱ्हाईक मोबाइल दाखवून म्हणतंय, "ह्यात २० टक्के डिस्काउंट आहे, तुमी किती देताय?" सकाळी नऊला शटर वर, रात्री साडेदहाला खाली. दवाखान्याला चिकटून गाळा मिळाला तर गोष्ट वेगळी, पण तसला गाळा आता कोण सोडतंय?

पीएचडीतलं मला काही कळत नाही. पण मेडिकल म्हंजे हमखास आणि शिक्षण म्हंजे जुगार असं बाबा धरून चालले असतील तर त्यांना एक दिवस माझ्या दुकानात बसवा. चहा माझा.

उंदीरमामी

चौथं वर्ष चालू आहे, त्यामुळे ताजं सांगते.

पेट म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, मुलाखत, कोर्सवर्क हे सगळं होतं, त्याचं टेन्शन नको. खरी गंमत विषय मंजूर झाल्यावर. आपल्याला उंदरांवर काम करायचं असतं (विस्टर जातीचे पांढरे उंदीर, घरातले नव्हेत), आणि त्यासाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते. अर्जाला 'फॉर्म बी' म्हणतात. किती प्राणी, का तेवढेच, वेदना होणार का, झाल्या तर काय करणार, शेवटी प्राण्याचं काय करणार, सगळं लिहायचं. समितीत केंद्राने नेमलेला बाहेरचा प्रतिनिधी असतो आणि तो आल्याशिवाय बैठक होत नाही. त्यांची तारीख, आपल्या सरांची तारीख आणि प्राचार्यांची तारीख एकत्र येईपर्यंत एक सेमिस्टर सहज जातं.

मग प्राणी नोंदणीकृत ब्रीडरकडूनच आणायचे. आल्या आल्या प्रयोग नाही. आधी काही दिवस वेगळे ठेवायचे, नव्या जागेला रुळू द्यायचे. बारा तास उजेड, बारा तास अंधार. कोल्हापुरात मे महिन्यात लाइट गेली आणि अ‍ॅनिमल हाउसचा एसी बंद पडला की थीसिस आपल्या डोळ्यांदेखत धापा टाकते. दिवाळी, गणपती, चुलत बहिणीचं लग्न, उंदरांना काही घेणंदेणं नसतं. अठ्ठावीस दिवस डोस म्हणजे अठ्ठावीस दिवस, मध्ये रविवार धरून.

पैशाचं म्हणाल तर जेआरएफचे (केंद्राच्या संशोधन फेलोशिपचे) दर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि पुढे एसआरएफला ४२,००० झाले. फार्मसीवाल्यांना ती थेट मिळणं अवघड, पण सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत; तुम्ही ज्यात बसता तिथे अर्ज करा. हप्ते वेळेवर येतील असं धरून ईएमआय घेऊ नका.

एकच सल्ला : गाइड बघायच्या आधी त्या कॉलेजचं अ‍ॅनिमल हाउस बघा. नोंदणी चालू आहे का, पिंजऱ्यात खरंच प्राणी आहेत का, वास किती येतो, तिथला अटेंडंट किती वर्षं टिकून आहे. तो अटेंडंट मामा चांगला असेल तर अर्धी पीएचडी झाली समजा.

हिंजवडी_ते_हातकणंगले

फार्माकोव्हिजिलन्समध्ये आहे. औषधांच्या दुष्परिणामांचे रिपोर्ट वाचायचे, कोडिंग करायचं, मुदतीत पुढे पाठवायचे. एसी, शनिवार-रविवार सुट्टी, पगार वेळेवर. फार्माकॉलॉजीवाल्यांना लगेच घेतात. तिसऱ्या वर्षी कंटाळा येतो. झालं.

खडू_फळा

या जिल्ह्यात फार्मसी कॉलेजात वीसेक वर्षं शिकवतोय. धागाकर्त्यांनी पगार विचारलाय म्हणून त्यापासून सुरुवात करतो, नाहीतर आमची जमात तो विषय शेवटी काढते.

सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. हे कागदावर. आपल्याकडची फार्मसी कॉलेजं बहुतेक विनाअनुदानित, तेव्हा कागद आणि पासबुक यांत किती अंतर आहे ते त्या त्या ठिकाणच्या कनिष्ठ शिक्षकाला चहाला नेऊन विचारावं. मुलाखतीत विचारू नये, तिथे खरं कुणी सांगत नाही. सहायक प्राध्यापक व्हायला एम.फार्म. पुरतं, सहयोगीपासून पुढे पीएचडीशिवाय गाडी सरकत नाही. म्हणून खूप जण नोकरी करत करत पीएचडी करतात. शहरात, वारणानगरला, पेठ वडगावला कॉलेजं आहेत, नोकरी अगदीच दुर्मीळ नाही. पण नोकरी शिकवण्याची मिळते, संशोधनाची नव्हे. संशोधन त्यातून चोरून काढलेल्या वेळात होतं. आठवड्याचे तास, प्रॅक्टिकल, परीक्षेची ड्युटी, नॅक आणि एनबीएच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली, नवीन प्रवेशांसाठी बारावीच्या मुलांना फोन. होय, तेही.

२०२२ च्या यूजीसी नियमांप्रमाणे पीएचडी कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा वर्षं. गाइडकडे किती विद्यार्थी असावेत यालाही मर्यादा आहे : सहायक प्राध्यापकाकडे चार, सहयोगीकडे सहा, प्राध्यापकाकडे आठ. त्यामुळे "सरांकडे जागा नाही" हे प्रत्येक वेळी टाळायचं कारण नसतं. थीसिसआधी पेपर छापण्याची सक्ती त्याच नियमांत काढली, पण नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न पेपरांचाच येतो. यूजीसीची केअर यादी (मान्य जर्नलांची यादी) २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा आता जर्नल खरं की पैसे घेऊन काहीही छापणारं हे स्वतःच ओळखायला शिकावं लागतं. तीन दिवसांत 'स्वीकारलं' असा मेल आला तर समजून जा.

अवांतर : आम्ही शिकताना काजळी धरलेला कागद ड्रमवर गुंडाळून बेडकाच्या हृदयाचे ठोके उमटवायचो. अ‍ॅड्रेनलिन टाकलं की रेघ उंच उसळायची, अ‍ॅसिटिलकोलीनने लोळायची. हात, शर्ट, जर्नल, सगळं काळं. आता पदवीच्या मुलांना प्राणी नाहीत, संगणकावर एक्सफार्मसारखं सॉफ्टवेअर आहे. बेडूक वाचले याचं मला वाईट वाटत नाही. पण पोरं एम.फार्म.ला येईपर्यंत त्यांनी जिवंत ऊतीला एकदाही हात लावलेला नसतो आणि मग पहिलं इंजेक्शन देताना उंदरापेक्षा जास्त तीच थरथरतात.

निदान_बाकी

एम.बी.बी.एस.नंतर एम.डी. फार्माकॉलॉजी. हो, आम्हीही फार्माकॉलॉजिस्टच. नातेवाईक विचारतात, "मग दवाखाना कुठाय?"

धागाकर्त्यांना एक स्पष्ट करतो, कारण फसगत होते. या विषयाला दोन दारं आहेत. फार्मसीचं दार फार्मसी कॉलेजात आणि कंपनीत उघडतं, वैद्यकीयचं मेडिकल कॉलेजात. एम.फार्म., पीएचडी करून मेडिकल कॉलेजच्या फार्माकॉलॉजी विभागात प्राध्यापक होऊ असं कुणी सांगत असेल तर सावध. तिथे पूर्वी मेडिकल एम.एस्सी. आणि पीएचडीवाल्यांना काही जागा असायच्या, २०२० च्या नियमांत आमच्या विषयात त्या काढल्या, २०२५ मध्ये दार पुन्हा किलकिलं झालं, पण तेही मेडिकल एम.एस्सी.वाल्यांसाठी.

आमच्याकडे उंदीर कमी, माणसं जास्त. एथिक्स कमिटी, क्लिनिकल ट्रायल आणि दुष्परिणामांची नोंद. २०१० साली देशाचा औषधसुरक्षा कार्यक्रम सुरू झाला, त्याची केंद्रं बहुतेक मेडिकल कॉलेजांच्या फार्माकॉलॉजी विभागात असतात. एनालाप्रिल या रक्तदाबाच्या गोळीने कोरडा खोकला लागलेली आजी तीन डॉक्टरांकडून तीन कफ सिरप घेऊन येते. औषध बदललं की खोकला जातो. त्याचा फॉर्म भरणं हे आमचं काम. वाचकांपैकी कुणालाही औषधाचा त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे, डॉक्टरच असावं लागत नाही.

दाजीपूरचा_गवा

सगळे कॉलेज, नियम, पगार सांगताय, पण कोल्हापूरचं खरं भांडवल कुणी बोललंच नाही. राधानगरी, आजरा, चंदगड, पलीकडे आंबोली. एवढी वनस्पतींची खाण दाराशी असताना कोल्हापूरच्या पोरीने पुण्या-मुंबईच्या तोंडाकडे का बघावं? सर्पगंधेवर मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलला लिहिलं आणि रक्तदाबासाठी जगाचं लक्ष तिकडे गेलं. तीन वर्षांनी स्विस कंपनीने त्यातून रेसरपिन वेगळं काढलं. वनस्पती आपली, पेटंट त्यांचं. बहिणीला सांगा, गावठी वैदूंकडे जा, एखादी मुळी धर, अर्क काढ, मधुमेहाच्या उंदरावर बघ. नाद खुळा थीसिस होईल.

क्लाइडकाठचा_कोल्हापुरी

गव्याशी सपशेल असहमत. मी कोल्हापुरातूनच एम.फार्म. केलं, सध्या स्कॉटलंडमध्ये पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करतोय, त्यामुळे 'गाव सोडलेला शहाणा' म्हणून शिव्या घाला, पण हे वाचा.

'अमुक पानांचा अर्क, स्ट्रेप्टोझोटोसिनने मधुमेह केलेले उंदीर' या साच्याचे पेपर भारतातून पोत्याने निघतात. त्यातला एक उचला. डोस बहुधा किलोला ५०० मिलिग्रॅम. उंदराचा डोस माणसासाठी काढताना साधारण ६.२ ने भागतात. म्हणजे किलोला ८० मिलिग्रॅम, ६० किलोच्या माणसाला रोज जवळपास ५ ग्रॅम सुका अर्क. पानं नव्हे, अर्क. कोण खाणार? आणि त्यात नेमका कुठला रेणू काम करतो, कुठल्या रिसेप्टरवर (पेशीवरच्या कुठल्या जागी), हे शेवटच्या परिच्छेदात 'पुढील संशोधनाची गरज आहे' म्हणून सोडून दिलेलं. पुढचं संशोधन कुणीही करत नाही. त्या उंदरांचा जीव फुकट जातो.

फार्माकॉलॉजी म्हणजे झाड शोधणं नव्हे, प्रश्न शोधणं. जेम्स ब्लॅक इथलाच, स्कॉटिश. डॉक्टर झाला तेव्हा डोक्यावर कर्ज, ते फेडायला सिंगापूरला शिकवायला गेला, परत येऊन ग्लासगोच्या जनावरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात लागला. नामांकित प्रयोगशाळा वगैरे काही नाही. सगळे हृदयाला रक्तपुरवठा कसा वाढवावा याच्या मागे होते. याने उलटं विचारलं, हृदयाची प्राणवायूची मागणीच कमी केली तर? अ‍ॅड्रेनलिनची जागा अडवणारा रेणू हवा. ही कल्पना घेऊन १९५८ मध्ये कंपनीत गेला आणि १९६४ पर्यंत प्रोप्रॅनोलॉल आलं. पुढे त्याच पद्धतीने पोटातल्या आम्लावर सिमेटिडीन. १९८८ चं नोबेल.

दाजीपूरचा_गवा

ब्लॅक ग्रेट, मान्य. पण गोऱ्याने प्रश्न विचारला की विज्ञान, आम्ही झाडपाला घेतला की साचा, हे कुठलं? नरक्या ऐकलाय का? आपल्याच जंगलातला. त्यात कॅम्प्टोथेसिन मिळतं, त्यापासून कॅन्सरची औषधं बनतात. झाडं चोरून तोडून ट्रकने गेली, आणि इथे प्रयोगशाळेत त्याच्यावर काम करायला आम्ही लाजायचं?

निदान_बाकी

गवा, वकिलांचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. त्यांचा पेपर उंदरांवरचा नव्हता, रक्तदाबाच्या रुग्णांवरचा होता. वर्षानुवर्षं ओपीडीत बघितलेलं, मोजलेलं, मग लिहिलेलं.

वनस्पतींवर काम करूच नये असं मीही म्हणणार नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर फार्माकॉलॉजीच्या प्राध्यापक होत्या. त्यांच्या गटाने गुळवेल घेतली, प्राण्यांत पाहिली आणि पुढे अडथळ्याच्या काविळीच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांपर्यंत नेली. एकच वेल, पण शेवटपर्यंत. आणि कोविडात घरोघरी काढा सुरू झाल्यावर मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं, आयुष मंत्रालयाने ते नाकारलं. आता हा वाद कोण सोडवणार? फेसबुक? डोस किती, वनस्पती तीच की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, किती दिवस, आधीचा आजार काय, हे सगळं फार्माकॉलॉजिस्टचं काम आहे.

क्लाइडकाठचा_कोल्हापुरी

नरक्याचा विषय निघालाच आहे तर. कॅम्प्टोथेसिन पहिल्यांदा १९६६ मध्ये एका चिनी झाडातून वेगळं काढलं ते मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. वाणी आपल्या नंदुरबारचे. त्याच जोडीने टॅक्सॉल हे कॅन्सरचं औषध काढलं, १९७१ मध्ये रचना छापली. पण दोघं रसायनशास्त्रज्ञ. रेणू सापडल्यावरही कित्येक वर्षं तो कपाटात होता, कारण तो करतो काय हे कळत नव्हतं. ते १९७९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुसान हॉर्विट्झ या फार्माकॉलॉजिस्ट बाईंनी दाखवलं : पेशी विभागताना जे सूक्ष्म धागे बनतात आणि मोडतात, त्यांना टॅक्सॉल मोडूच देत नाही. असं काम करणारं औषध तोवर कुणी पाहिलं नव्हतं. मग सगळे जागे झाले. १९९२ मध्ये अमेरिकेत मंजुरी.

शिवाजी_पेठकर, "फार्माकॉलॉजीवाला काय करतो" याचं उत्तर बाबांना हेच सांगा. आणि आईंसाठी : पीएचडीनंतर हॉर्विट्झ बाईंना जुळी मुलं झाली, काही वर्षं त्या अर्धवेळच काम करत होत्या.

गल्ला_क्रमांक_१

हे भारी सांगितलंसा. पॅक्लिटॅक्सेलची, म्हंजे टॅक्सॉलचीच, बाटली हातात धरतो पण नंदुरबारचा संबंध आज कळाला.

शिवाजी_पेठकर

सगळ्यांचे आभार. बहिणीला धागा दाखवला. ती माझ्याच आयडीवरून लिहिणार म्हणतेय, खाली तीच आहे.

नमस्कार, मी ती बहीण. दादाने परवानगी न विचारता माझा बाजार मांडलाय, पण वाचून बरं वाटलं. गवा सर, रागावू नका, मी मुळी धरणार नाहीये. योगायोग असा की माझा विषय टॅक्सॉलच्याच पुढचा आहे. पॅक्लिटॅक्सेल घेणाऱ्या रुग्णांच्या हातापायांना मुंग्या, जळजळ, गार पाणी लागलं तरी चटका, असं होतं. माझ्या मावशीला झालं, केमो संपल्यावरही गेलं नाही. अमेरिकन कॅन्सरतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं त्या वेदनेसाठी एकट्या ड्युलॉक्सेटिनचीच शिफारस करतात आणि त्याचाही उपयोग माफकच. त्यामुळे या वेदनेवर आधीपासून वापरात असलेलं दुसरं एखादं औषध चालतं का, हे उंदरांत बघायचंय. नाव इथे लिहीत नाही, गाइड रागावतील.

गाइडकडे जागा आहे, अ‍ॅनिमल हाउस मी एम.फार्म.ला वापरलेलंच आहे. मामा (अटेंडंट) चांगले आहेत. प्रश्न वेगळाच आहे, उंदीरमामीताई तुम्हालाच विचारते. डोस मीच देणार, वेदनेने उंदराने पाय उचलला की नाही हेही मीच बघणार. मग मला माहीतच असणार कुठला उंदीर कुठल्या गटातला. विभागात दुसरी पीएचडी करणारी कुणी नाही. हे कसं सांभाळायचं?

उंदीरमामी

हा प्रश्न पेटच्या आधी पडला म्हणजे तुझं ठीक चाललंय, गं. आमच्याकडे बरेच जण व्हायव्हाच्या (तोंडी परीक्षेच्या) दिवशी पहिल्यांदा ऐकतात.

एकट्याने पूर्ण आंधळेपणा (गट माहीत नसताना मोजणं) जमत नाही, पण बऱ्यापैकी जमतो. एम.फार्म.च्या एखाद्या मुलीला पकड. औषधाच्या आणि नुसत्या द्रावणाच्या बाटल्या तिने भरायच्या, वर फक्त अ, ब, क. चिठ्ठी बंद पाकिटात गाइडकडे. गट पाडतानाही "हा तरतरीत दिसतो, औषधात घालू" असं हाताने उचलायचं नाही, संगणकावर यादृच्छिक आकडे काढायचे. शेपटीवरच्या खुणा तिच्याकडूनच करून घे आणि मोजायच्या दिवशी पिंजऱ्यांवरची कार्डं उलटी करायला सांग. शक्य तिथे व्हिडिओ काढून ठेव, नंतर दुसऱ्याकडून मोजून घेता येतं. सगळे आकडे वहीत आल्यावरच पाकीट फोडायचं, आणि ते फोडलं त्या दिवशी गाइडची सही.

पॅक्लिटॅक्सेलसाठी लोक बहुधा किलोला २ मिलिग्रॅम, एक दिवसाआड चार वेळा देतात, तेव्हा उंदीर फारसे मरत नाहीत, पण वजन रोज घे. स्पर्शाच्या चाचणीसाठी फॉन फ्रेचे तंतू (तळव्याला टेकवायचे ठरावीक जाडीचे धागे) लागतील. ते महाग असतात, आताच चौकशी कर. विभागात नसतील तर शेजारच्या कॉलेजकडे असतात, पत्र दिलं तर देतात. मोजायच्या आधी जाळीवर निदान अर्धा तास प्राण्याला शांत होऊ दे, आणि त्या खोलीत डबा खाऊ नको. फॉर्म बीमध्ये प्राण्यांची संख्या 'गटात सहा, कारण सगळे सहा घेतात' असं लिहू नको; जुन्या पेपरातला फरक घेऊन गणित मांड. समितीतले बाहेरचे प्रतिनिधी नेमकं तिथेच बोट ठेवतात.

खडू_फळा

वरच्यात भर : पाकिटाची पद्धत थीसिसच्या कार्यपद्धतीत दोन ओळींत लिही, लपवू नको. चांगली जर्नलं आता तेच आधी विचारतात. आणि पॅक्लिटॅक्सेल हाताळताना हातमोजे दुहेरी, पिंजऱ्यातला भुसा जैववैद्यकीय कचऱ्यात. मामांना ते आधी नीट समजावून सांग, नाहीतर ते नेहमीसारखं झाडून बागेत टाकतील.

शिवाजी_पेठकर

बाबांनी धागा वाचला. गाळ्याचा विषय सध्या मागे पडलाय. त्यांचा आता एकच प्रश्न आहे : महिना ३७,००० वाली की सारथीवाली, आणि अर्ज कधी निघतो?

उंदीरमामी

सारथीच्या संकेतस्थळावर जाहिरात येते, तिथेच बघत राहा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तारखांवर विसंबू नका. पीएचडीचं प्रवेशपत्र, जातीचा दाखला, रहिवासी दाखला आत्ताच काढून ठेवा. दाखल्यांना उंदरांपेक्षा जास्त वेळ लागतो.